खांडीतलं बोलणं

मी तेवीस वर्षांचा असताना मुंबईच्या एका नाट्यशाळेचं पत्र पेणच्या आमच्या घरी आलं. पोस्टमनने ते आईच्या हातात दिलं आणि आईने ते न फोडता देवाजवळ ठेवलं. सरकारी दिसणारा कुठलाही कागद ती आधी तिथेच ठेवायची. संध्याकाळी मी कामावरून आलो, हातपाय धुतले आणि पाकीट फोडलं. आत एकच टंकलिखित कागद होता. प्रवेशचाचणीला हजर राहावे, येताना पाच मिनिटांचे एक स्वगत तयार करून आणावे, नाटकातले किंवा अन्य कोणतेही. खाली वेगळ्या ओळीत लिहिलं होतं : निवड उमेदवाराची.

ती संध्याकाळ आनंदात गेली. दुसऱ्या दिवसापासून त्या शेवटच्या दोन शब्दांनी माझी झोप उडवली.

तेव्हा मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये होतो. पेणहून एसटीने वडखळ, गडब, नागोठणं करत रोह्याला जायचं, आठ तास काचेच्या नळ्यांमधले नमुने तपासायचे आणि परत यायचं. नाटकाचा नाद शाळेपासून होता. गणपतीत आळीच्या मांडवात आणि कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात कामं केली होती. लोक चांगलं म्हणत. पण ज्यांच्याकडे मी थोडंफार शिकलो ते एकच, रोह्याच्या बाजारपेठेतले एक शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दिवसभर शर्ट-पॅन्ट शिवायचे आणि उरलेल्या वेळात तालुक्यातल्या हौशी मंडळांची नाटकं बसवायचे. वीस वर्षं हेच चाललं होतं.

पहिली शिफ्ट सुटली की मी सरळ त्यांच्या दुकानात जायचो. मास्तर मशीनवर बसलेले असायचे. मी कापडाच्या ताग्यांजवळ उभा राहून माझा उतारा म्हणायचा आणि त्यांनी शिवत शिवत ऐकायचा. मान वर नाही, पाय थांबायचा नाही. मशीनची खडखड चालूच. उतारा संपला की दोरा दाताने तोडून म्हणायचे, "पाठ छान आहे. पुढचा."

सुरुवात मी एका ऐतिहासिक नाटकातल्या राजापासून केली. लढाई हरत आलेली, सैन्य मागे फिरलेलं, राजा त्यांना साद घालतो. आवाज लावायला भरपूर वाव होता. मग फाशीच्या आदल्या दिवशीचा एक कैदी केला. मग वेड लागलेला शास्त्रज्ञ. पेणच्या वाचनालयातली नाटकांची दोन कपाटं मी महिनाभरात उपसली. ग्रंथपाल मला बघून चष्मा काढायला लागले होते. वहीत सहा उतारे उतरवले आणि सहाही मास्तरांना ऐकवले. मशीन एकदाही थांबलं नाही.

सहाव्या उताऱ्यानंतर मी चिडलो. "मास्तर, नक्की चुकतंय काय?"

ते एका पॅन्टला काज करत होते. म्हणाले, "तू सांगतोयस कुणाला?"

"प्रेक्षकांना."

"प्रेक्षक तिकीट काढून बसलेत. ते कुठे जाणार आहेत? ज्याला हे आत्ता, या घटकेला सांगितलं नाही तर काहीतरी हातचं जाईल, असा एक माणूस मला दाखव. तुझ्या सहाही उताऱ्यांत तो मला दिसला नाही. तू दिसलास फक्त. उभा बरा राहतोस."

मी वही बंद करून घरी आलो. चाचणीला तीन आठवडे उरले होते.

त्याच सुमारास बहिणीचं लग्न ठरलं आणि पत्रिका वाटायचं काम माझ्याकडे आलं. पेणच्या पश्चिमेला, जिथे जमीन संपून खाडी सुरू होते, तिथल्या एका गावात माझी आत्या राहायची. भाताची थोडी जमीन होती आणि उन्हाळ्यात ती मिठागरावर कामाला जायची. पन्नाशीची असेल. उंच, हाडापेराने मोठी आणि फारशी न बोलणारी. लहानपणी मला तिची भीतीच वाटायची. रविवारी सकाळी मी तिच्याकडे पोचलो तर घराला कडी होती. ती यायला वेळ होता, म्हणून घरामागच्या बांधावर गेलो. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. इतकी मोकळी जागा मला रोह्यात कुठे मिळणार? मी छाती भरून श्वास घेतला आणि राजाचा उतारा सुरू केला, मुंबईला ऐकू जाईल अशा आवाजात.

अर्ध्यावर आलो असेन. मागून आवाज आला, "कोनाला हाका मारतोस रं?"

आत्या खाली उभी होती. डोक्यावर टोपली, पाय पोटऱ्यांपर्यंत मिठाने पांढरे.

मी ओशाळून खाली उतरलो. नाटकाचं आहे म्हणालो. राजा आपल्या सैन्याला थांबवतोय, म्हणालो.

"इतका वरडला तर र्‍हायलेलं सैन्य पन पलंल," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

घरात तिने मला पाणी दिलं. पत्रिका हळदीकुंकू लावून कोनाड्यात ठेवली आणि परातीत मोड आलेले वाल घेऊन सोलत बसली. मीही समोर बसून सोलू लागलो. पण तिचं बोलणं मला लागलं होतं. मी म्हणालो, "आत्या, राजा संकटात आहे. संकटात माणूस ओरडणार नाही तर काय करणार?"

"संकटात वरडायला दम कुठं असतो? मी खांडीत उभी होती तवा वरडली नाय. बोलत होती."

आमच्या भागात खाडीचा बांध फुटतो त्या भगदाडाला खांड म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी त्या गावचा बांध फुटता फुटता वाचला होता आणि तेव्हा बायका त्या खांडीत उभ्या राहिल्या होत्या, एवढं मी घरात ऐकलं होतं. कुणीतरी सांगायचं आणि विषय पुढे जायचा. त्या बायकांतली एक माझी आत्या होती हे मला त्या दिवशी कळलं.

"काय बोलत होतीस?" मी विचारलं.

तिने वाल सोलता सोलताच सांगितलं. श्रावणातली अमावस्या होती. भर दुपारी उधाणाची भरती चढत होती. बांधात एका जागी खेकड्याने बीळ केलेलं, त्यातून आधी मनगटाएवढी धार आली आणि बघता बघता माणूस आडवा जाईल एवढी खांड पडली. आत सगळ्या गावाची लावणी झालेली. एकदा खारं पाणी शेतात घुसलं की तीन वर्षं तिथे भात नाही. बरेच पुरुष पेणच्या बाजाराला गेलेले. होते नव्हते ते चिखल आणि पेंढा आणायला धावले. पण पाण्यात टाकलेला चिखल टिकेना, वाहून जाई. तेव्हा पाण्याचा जोर मोडायला चार बायका हातात हात अडकवून खांडीत उतरल्या. पाठ खाडीकडे, तोंड गावाकडे. त्यांच्या पुढ्यात पुरुष चिखल थापत होते. ओहोटी लागेपर्यंत उभं राहायचं होतं.

"माझ्या या हाताला धाकटी होती," आत्या म्हणाली आणि उजवा हात जरा उचलला. धाकटी म्हणजे तिची धाकटी जाऊ. "मला पानी छातीला, तिला गल्याला. ती ठेंगनी. आनि आमी दोगी दोन वरसं बोलत नव्हतो."

"का?"

"पाट्यावरून."

दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा भांड्यांची वाटणी झाली. पाटा आत्याकडे राहिला आणि भांडणाच्या भरात वरवंटा धाकटी घेऊन गेली. दोन वर्षं दोघींनी मिरची शेजारणींकडे वाटली, पण एकीने पाटा दिला नाही आणि दुसरीने वरवंटा.

"तिचे डोले पांढरे झाले होते," आत्या म्हणाली. "हात सैल पडाय लागला. मला वाटलं ही जाते. मंग मी बोलाय लागली."

आणि ती बोलली. हातातला वाल तिने परातीत टाकला आणि नजर उजव्या बाजूला वळवली. तिथे दाराची चौकट होती, पण तिथे कुणीतरी बुटकं उभं आहे अशी ती खाली बघत होती. आवाज तोच, वाल सोलतानाचा. मला जसं आठवतं तसं लिहितो.

"गो धाकटे, माझ्याकडं बघ. पान्याकडं नको बघू, ते काय आपल्या वलखीचं नाय. माझ्याकडं बघ. सकाली तू भाकरी टाकत होतीस ती मी बघितली. फुगली नाय तुझी भाकरी. पीठ जुनं हाय तुझं. माझ्याकडं नवं दललेलं हाय, दोन मापटी घेऊन जा. पोर तुझा वटीवर झोपलाय, त्याच्या अंगावर लुगडं टाकून आली मी. उठला तर माझी पोरगी हाय घरात. पाय नको हलवू. रुतला तर रुतू दे, मागून काढू. गो, पाटा माझ्याकडं नि वरवंटा तुझ्याकडं. मी लोकांच्या दारात मिरची वाटते नि तू वरवंट्याचं काय करतेस? दाराला टेकू लावतेस. सगला गाव हसतो. मी पन हसते. पानी उतरलं का पाटा तुझ्या दारात आनून टाकते, मला नको तो. पन हात नको सोडू. तू हात सोडलास तर पाटा मी कोनाच्या दारात टाकू?"

एवढं बोलून ती थांबली, परात पुढे ओढली आणि पुन्हा वाल घेतला. "असं काय काय बोलत होती. तेच तेच. पानी उतरंपर्यंत."

माझ्या हातातला वाल तसाच राहिला होता. वाचनालयातली दोन कपाटं मी उपसली होती. राजे, कैदी, वेडे, सगळे मोठमोठ्या शब्दांत बोलत होते. आणि इथे गळ्याशी समुद्र आलेला असताना एक बाई दुसरीला तुझी भाकरी फुगली नाही म्हणून सांगत होती. ही बाई माझ्या बापाची बहीण होती. दरवर्षी मी तिच्या पाया पडत होतो आणि ती कोण आहे ते मला ठाऊकच नव्हतं.

मी म्हणालो, "आत्या, हे मी चाचणीला बोलू?"

"मला काय इचारतोस? मी ते तिला बोलली. दिलेली वस्तू परत मागतात काय? ती हाय अष्टमीत, पोराकडं. तिला इचार."

अष्टमी म्हणजे रोह्याला लागूनच, कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की आलंच. धाकटीचा मुलगा, तोच ओटीवर झोपलेला, आता कंपनीत होता आणि त्याने तिथे घर घेतलं होतं. मी तिला काकी म्हणायचो. मंगळवारी शिफ्ट सुटल्यावर मी दुकानात न जाता पूल ओलांडून तिच्याकडे गेलो.

काकी पायरीवर बसली होती. खरंच ठेंगणी, गोल चेहऱ्याची, गप्पिष्ट. मला बघून आधी लग्नाची सगळी चौकशी केली, नवरामुलगा काय करतो, हॉल कुठला, जेवणात काय. चहा झाला. मग मी विषय काढला. म्हणालो, "काकी, तुम्ही खांडीत होतात तेव्हा आत्या तुमच्याशी जे बोलली ना..."

"बोलली?" काकी म्हणाली. "तोंड हलत होतं तिचं. ऐकू कुठं येत होतं? पान्याचा आवाज काय, वारा काय. मला वाटलं देवाचं नाव घेते."

"एक शब्द नाही आला ऐकू?"

"नाय रं."

"मग तुम्ही हात कसा नाही सोडलात?"

"तोंड हलतंय म्हंजे बाय जिती हाय ना. ती जिती र्‍हायली तर मी कशी सोडू?" मग तिने विचारलं, "काय बोलत होती?"

इतक्या वर्षांत त्या दोघींनी त्या दिवसाचा विषयच काढला नव्हता. नंतर मी काकीला कारण विचारलं तर ती म्हणाली, दुसऱ्या दिवशीही बांधावर चिखल घालायचा होता, कुणाला सवड होती?

आता मला बोलावं लागणार होतं. ते सगळं मी फक्त एकदा ऐकलं होतं, पण दोन दिवस डोक्यात दुसरं काही नव्हतं. मी उठून तिच्या डाव्या बाजूला पायरीवर बसलो. आत्या तिच्या डाव्या बाजूला असणार, कारण आत्याच्या उजव्या हाताला ती होती. आणि बोललो. अभिनय म्हणून नाही, निरोप सांगतात तसं. गो धाकटे, माझ्याकडं बघ.

भाकरी फुगली नाही म्हटल्यावर काकी हसली. "बघितली होती होय तिनं!" लुगड्याचं ऐकून तिने आतल्या खोलीकडे बघितलं, मुलगा दिसतोय का असं. पाट्याचं सुरू झालं तशी ती माझ्याकडे वळली. शेवटच्या वाक्याला तिने पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"म्हनून पाटा आला," ती म्हणाली.

खांड बांधून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने दार उघडलं तर दारात पाटा होता. कुणी ठेवला ते दिसलं नाही. सासूने आत्याला दम भरला असेल आणि नाइलाजाने तिने पाटा टाकला असेल, असं धाकटीने त्या दिवशी धरलं आणि तेच पंचवीस वर्षं धरून ठेवलं. बोलणं सुरू झालं, येणंजाणं झालं, पण ती एक अढी राहिलीच.

काकी उठली आणि घरामागे गेली. मीही मागोमाग गेलो. मोरीशेजारी भिंतीला टेकवून तो पाटा उभा होता. गावाहून येताना आणलेला. घरात मिक्सर आल्यापासून तो तसाच होता, वर शेवाळाचा हिरवा डाग पडलेला. काकीने वाकून त्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोल तू तिथं. पन भाकरीचं जरा हलू बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने काकी पेणला गेली आणि तिथून आत्याच्या गावाला, असं मला नंतर कळलं. दोघी काय बोलल्या ते मी कधी विचारलं नाही. आत्याने एवढंच सांगितलं, "धाकटी आली होती. दोन दिवस र्‍हायली."

मास्तरांना ऐकवलं तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक ब्लाउजचं माप द्यायला बसलं होतं. मी आवाज चढवला नाही. ताग्यांकडे तोंड करून, उजव्या बाजूला जरा खाली बघत बोललो. मशीन चालूच होतं. संपलं तरी चालू होतं. मला वाटलं, गेला हाही. वळून बघितलं तर मास्तर माझ्याकडे बघत होते, पाय मारत होते आणि सुईखालचं कापड केव्हाच घसरून जमिनीवर पडलं होतं. सुई नुसतीच वरखाली होत होती.

"कुठून आणलंस हे?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. माझी एक अडचण होती तीही सांगितली. हे बाईचं बोलणं आहे, मी मिशीवाला पुरुष. हसतील. मिशी काढू का?

"मिशी अजिबात काढू नकोस," मास्तर म्हणाले. "तू आत्या व्हायला जात नाहीयेस. तिचं बोलणं घेऊन चाललायस. सांडू नकोस म्हणजे झालं."

पुढचे दोन आठवडे त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट करून घेतली. पाय हलवायचे नाहीत. दुकानाबाहेरच्या ओट्यावर मला उभं करून ते पाठीत बोटाने ढोसायचे आणि म्हणायचे, पाणी आलं, बोल. आलेगेलेले बघत राहायचे. पाय न हलवता बोलायला लागलो की पोटातून एक वेगळंच बळ लागतं, हे मला तेव्हा समजलं. दहा मिनिटांत मांड्या थरथरायच्या. त्या बायका दीड-पावणेदोन तास उभ्या होत्या.

चाचणीच्या दिवशी मुंबईत त्या संस्थेच्या व्हरांड्यात चाळीसेक मुलंमुली भिंतीकडे तोंड करून आपापलं पुटपुटत होती. माझ्या शेजारचा मुलगा राजाच करत होता, माझाच राजा, आणि माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. आवाज घंटेसारखा. महिन्यापूर्वी मी तो ऐकला असता तर तिथूनच परतलो असतो.

माझं नाव पुकारलं. आत टेबलामागे तिघं होती. एक वयस्क बाई आणि दोन पुरुष. त्यांतल्या एकाच्या हातात चहाचा कप होता. "सुरू करा," ते म्हणाले. मी मध्ये जाऊन उभा राहिलो, पाय रोवले, दोन्ही हात कुणाच्यातरी हातांत अडकवल्यासारखे धरले आणि उजवीकडे खाली बघितलं.

आत्ता खरं सांगायचं तर त्या पाच मिनिटांतलं मला फारसं आठवत नाही. एवढं आठवतं की तिथे काकी होती. पंचवीस वर्षांपूर्वीची, गळ्यापर्यंत पाण्यात. मी बोलायचं थांबलो तर ती जाईल एवढंच मला कळत होतं. आणि पाट्याच्या वाक्याला माझा आवाज फुटला. तो तालमीत कधी फुटला नव्हता.

संपलं. चहा घेणाऱ्या गृहस्थांचा कप ओठांजवळच राहिला होता. मग त्या वयस्क बाईंनी विचारलं, "आणि... सोडला का हो तिने हात?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. अगदी घरातल्यासारखं. मग भानावर आल्यासारख्या त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

दुसऱ्या गृहस्थांनी हे कुठल्या नाटकातलं म्हणून विचारलं. नाटकातलं नाही, माझ्या आत्याचं, म्हणालो. त्यांनी भुवया उंचावल्या आणि प्रमाण भाषेतलं काही येत असेल तर म्हणून दाखवा म्हणाले. मला राजाशिवाय काही आठवेना. चार वाक्यं म्हटली. "पुरे," ते म्हणाले, आणि तिघंही हसली. मीही हसलो.

मे महिन्याच्या शेवटी निवड झाल्याचं पत्र आलं. आईने तेही देवाजवळ ठेवलं, पण या वेळी फोडून. पुढे मी त्या संस्थेत शिकलो, कंपनी सोडली आणि लहानमोठी कामं करत याच धंद्यात राहिलो. ते स्वगत मात्र मी पुन्हा एकदाच केलं. संस्थेच्या एका कार्यक्रमात, मित्रांच्या आग्रहावरून. भाकरीच्या वाक्याला हशा आला, तो मला आवडला आणि पुढचं वाक्य मी त्या हशासाठी बोललो. त्या घटकेला काकी तिथून नाहीशी झाली. टाळ्या खूप पडल्या. त्यानंतर मी ते कधी केलं नाही.

पण पत्र आलं तेव्हाचं सांगायचं राहिलं. पेढे घेऊन मी आत्याकडे गेलो, तर ती घरी नव्हती. पावसाच्या आधी गावाने मिळून बांधाची डागडुजी करायची असते, ती चालली होती. माणसं ओळीने बांधावर होती आणि आत्या वाकून खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवत होती. मी पेढा पुढे केला. तिचे हात चिखलाचे, म्हणून तिने तोंड उघडलं आणि मी भरवला.

"म्हंजे आता तू तिथं जानार," ती म्हणाली. "जा. आज आलायस तर चिखल दे."

मी पॅन्ट वर केली, खाली उतरलो आणि घमेलं भरून देऊ लागलो. थोड्या वेळाने मी तिला विचारलं, खूप दिवस मनात होतं ते. "आत्या, काकीला तेव्हा काहीच ऐकू येत नव्हतं. तुला ठाऊक होतं?"

तिने बिळात हात कोपरापर्यंत घालून चिखल दाबला. "मलाच माझं ऐकू येत नव्हतं," ती म्हणाली. "तिला कुठनं येनार?"

रिकामं घमेलं माझ्याकडे टाकून ती पुढच्या बिळाकडे सरकली. दुपार झाली होती. पौर्णिमेची भरती चढत होती. घमेलं द्यायला मी बांधाच्या माथ्यावर आलो आणि पाठ सरळ करायला जरा थांबलो. लहानपणापासून मी त्या बांधावरून शंभरदा चाललो असेन. पण माझी नजर एकाच वेळी दोन्हीकडे त्या दिवशी पहिल्यांदा गेली. एका बाजूला खाडी हातभर खाली, काठोकाठ, हलत होती. दुसऱ्या बाजूला शेतं होती, त्यांच्यापलीकडे घरं होती, अंगणात वाळत घातलेले कपडे होते, आणि ते सगळं पाण्याच्या पातळीच्या खाली होतं. मध्ये चार हात रुंदीचा चिखल. मी भरलेलं घमेलं हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

"अरे, दे ना," आत्या खालून म्हणाली.